अस्वलासाठी हत्यार

अहमदनगर,
एप्रिल १९४६

प्रिय बन्सी,

तुझा परवाना आणि निरोप घेऊन तुझ्या हाताखालचा जंगलशिपाई गहिनीनाथ आज दुकानात आला. डोंगरात गेल्यापासून तुझी ही पहिली खबर, आणि तीही पिस्तुलाची. निदान 'खुशाल आहे' एवढं तरी सांगून पाठवायचं होतंस, कंजूष माणसा. तरी मला आनंद झाला. दुकानात हल्ली येतं कोण? लढाई संपली, भिंगारच्या छावणीतले गोरे साहेब बिस्तरे बांधायला लागले, आणि जो येतो तो हत्यार विकायलाच येतो. मी दिवसभर नळ्यांना तेल लावतो आणि घरी जाऊन एकट्यापुरता चहा उकळतो. मुबारकबीला जाऊन चार वर्षं झाली, पण साखर अजून तिच्याच हिशेबाने पडते.

आता तुझ्या कामाचं. तू राहुटीत एकटा झोपतोस, मोहाची फुलं गळायला लागली की अस्वलं खाली उतरतात, हे सगळं खरं. माझ्याकडे दोन नग आहेत. एक कोटाच्या खिशात मावणारं लहान पिस्तूल, शेठलोकांनी मिरवायचं. त्याने अस्वल नुसतं चिडेल. दुसरं लष्करी रिव्हॉल्वर. जड आहे, मनगट दुखवतं, पण अंगावर आलेलं जनावर थोपवलं तर तेच थोपवेल, आणि ओल लागली तरी अडत नाही. खरं विचारशील तर रात्रभरची शेकोटी आणि बडवायला पत्र्याचा डबा यांच्यापुढे दोन्ही फिके. अब्बा आपल्याला भातोडीच्या माळावर नेम शिकवायचे तेव्हा तू हट्टाने सगळ्यात जड बंदूक मागायचास आणि धक्क्याने मागे आपटायचास. हे मी चांगुणावहिनींना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून किती हसल्या होत्या!

आणि आता तू लहान पिस्तूल मागतोस. हत्यार घ्यायला येणारा माणूस काय काय विचारतो, हे मला या धंद्यात पाठ झालं आहे. जनावराला भिणारा विचारतो, याने ते पडेल ना? काडतुसं तो नेहमी मूठभर जास्त मागतो, परवान्यात बसत नाहीत म्हटलं की हुज्जत घालतो. तू विचारायला लावलंस, पहिल्याच बाराला दगा तर देणार नाही? आणि काडतूस एखादं असलं तरी चालेल.

मी गहिनीनाथला बसवून घेतलं, चहा पाजला, तिकडचं विचारलं. त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "अस्वलं लई हायेत. पन सायेब त्येंना भ्यात न्हाईत. आमी शेकोटी पेटवली तर इझवाया लावत्यात."

बन्सी, शेकोटी विझवणाऱ्या माणसाला अस्वलासाठी पिस्तूल कशाला हवं? वहिनी गेल्या, आणि त्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं तोच तू बदली मागून त्या डोंगरात गेलास. तुझ्याशिवाय या गावात मला 'अरे' म्हणणारं कोणी उरलेलं नाही. मला भीती वाटते आहे.

म्हणून पिस्तूल पाठवत नाही, रिव्हॉल्वरही नाही. गहिनीनाथबरोबर फक्त हे पत्र देतो. 'मी येईपर्यंत साहेबांच्या राहुटीतच झोप, ते रागावले तरी हलू नकोस,' असं त्याला बजावलं आहे. मुबारकबी गेली तेव्हा तू माझ्या दुकानाला स्वतःचं कुलूप लावलंस आणि महिनाभर किल्ली दिली नाहीस. धंदा बुडवतोस म्हणून मी तुला शिव्या घातल्या. तू कारण सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. परवाच्या सर्व्हिस मोटारीने मी कोतूळला उतरतो आणि तिथून चालत निघतो. माझे गुडघे तुला माहीत आहेत, पुरा चढ काही मला जमायचा नाही. अर्ध्या वाटेवर मला घ्यायला ये. तू आला नाहीस तर मी तिथेच बसून राहीन, अंधार पडला तरी. माझ्याजवळ हत्यार नसेल, आणि मला अस्वलांची फार भीती वाटते.

तुझाच,
लालमहंमद