बॉनेट गरम का लागलं, त्याचा खुलासा

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे ते कळवा. डावा बरा असल्याचं तुमच्या यजमानांकडून रोज कळतं, उजव्याबद्दल ते काही बोलत नाहीत, त्यावरून तोच दुखत असावा. माझी प्रकृती ठीक आहे. जेवण होतं. झोप लागते. (हे तुम्ही फोनवर पहिल्यांदा विचारताच, म्हणून उत्तरं आधी दिली.) फोनवर मला चार वाक्यांपलीकडे जाता येत नाही हे तुम्ही जाणता. तुमची धाकटी बहीण होती तेव्हा फोन तिच्या कानाला असायचा आणि मी पलीकडच्या खुर्चीत बसून मान हलवायचो. आता नुसती मान हलवून भागत नाही. म्हणून पत्र.

दोन महिन्यांत मोटारहोमला, म्हणजे आपल्या पलंग-शेगडीच्या गाडीला, तीन गिऱ्हाइकं येऊन गेली आणि तिन्ही परत गेली, हे कसं, असं तुम्ही विचारलं आहे. गाडी तुम्हा दोघी बहिणींच्या नावावर होती, आता सही एकट्या तुमची लागते, आणि महिनाअखेर विकायचीच असं तुम्ही बजावलं आहे. ती दारात उभी असेपर्यंत मी खिडकीतून उठणार नाही, असं तुमचं म्हणणं. तो वाद इथे नको. तेव्हा फक्त घडलं ते लिहितो. चौतीस वर्षं मी दुकानदारांची वजनमापं तपासली, दोन्ही पारडी सारखी ठेवण्याची सवय आहे. पण यातल्या एका पारड्यात तुमचे यजमान स्वतःच जाऊन बसले आहेत, त्याला माझा इलाज नाही.

तुमच्या धाकटीला जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून यजमान रोज सकाळी सात वाजता इंजिन तापवायला येतात. 'उभी राहून गाडी मरते हो!' असं म्हणत ते किल्ली फिरवतात, आणि इथूनच बिघडतं. डिझेल इंजिन थंड असलं की किल्ली अर्धी फिरवून थांबायचं असतं. समोर पिवळा दिवा लागतो, आत हीटर तापतो, दिवा विझला की गाडी चालू करायची. सहा-सात सेकंदांचं काम. पण सहा सेकंद गप्प बसणं यजमानांच्या प्रकृतीला मानवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. दिवा जळत असतानाच ते सेल्फ मारतात. गाडी खोकते. पुन्हा मारतात. चौथ्या खेपेला ती बिचारी एकदाची चालू होते, तेव्हा ते माझ्याकडे असं बघतात जणू जुळ्यांची सुटका करून बाहेर आले. मग रेस. तेल अजून खाली तळाशी गार पडलेलं, वरचे भाग कोरडे, आणि हे पाय असा दाबतात की माझ्या स्वयंपाकघरातल्या बशा एकमेकींशी बोलायला लागतात. त्यानंतर चाळीस मिनिटं गाडी जागच्या जागी चालू. 'तापू द्या, तापू द्या!' (मी अडवत नसतोच.)

ही विद्या त्यांनी आणली कुठून, तर कागद कारखान्याच्या बॉयलरवरून. बॉयलर तापला नाही तर वाफ नाही, वाफ नाही तर कारखाना नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं, आणि देवाने सगळी यंत्रं बॉयलरच्या पोटी जन्माला घातली अशी त्यांची समजूत झाली. माझ्या मनगटी घड्याळालाही त्यांनी एकदा उन्हात ठेवून बघा म्हणून सुचवलं होतं. माणूस वाईट नाही. पण ज्याला एकच गोष्ट नीट येते, तो ती सगळ्यांवर लावत सुटतो, आणि शेजाऱ्यांनी काजळी पुसत बसावं.

काजळीवरून आठवलं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचे उशीचे अभ्रे दोरीवर वाळत होते. त्यांतले चार त्यांनी माझ्या दाराच्या कडीला अडकवून ठेवले, चिठ्ठीसुद्धा न लिहिता. मी धुऊन, इस्त्री करून परत दिले. यजमानांना सांगितलं तर म्हणाले, 'बाईंना म्हणावं, पांढरे अभ्रे वापरायचेच कशाला?'

आता तुमच्या धाकटीची पद्धत सांगतो, कारण ती तुम्ही पाहिलेली नाही; तुम्ही गाडीत बसलात की डोळे मिटून घेत होता. सव्वीस वर्षं तिने रुग्णवाहिका चालवली. दिवा विझला, गाडी चालू, मनात साठपर्यंत आकडे, आणि निघाली. सुरुवातीचे काही किलोमीटर हलक्या पायाने, तापमानाचा काटा वर येईपर्यंत इंजिनाला न दमवता. डिझेल उभ्याने तापत नाही, कामाला लावलं की तापतं, असं ती म्हणायची. (निवृत्तीनंतर माझ्याबद्दलही म्हणायची.) मी सवयीने मोजलं आहे. यजमानांच्या चाळीस मिनिटांत काटा निम्म्यालाही पोचत नाही. ती चालवायची तेव्हा नवव्या-दहाव्या मिनिटाला मध्यावर असायचा. नऊ वर्षं मी शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन तेवढंच बघत होतो.

पहिलं गिऱ्हाईक जनावरांचे डॉक्टर. यजमानांनी त्या दिवशी खास म्हणून सहापासून दोन तास इंजिन चालू ठेवून, रेस देऊन देऊन तापवलं आणि ते यायच्या आधी बंद केलं. डॉक्टर आले, मागचा पलंग पाहिला नाही, शेगडी पाहिली नाही, गाईच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर तळवा ठेवला. 'सकाळी कुठे नेली होती का?' यजमान छाती काढून म्हणाले, 'छे हो, जागची हलली नाही! तुमच्यासाठी दोन तास तापवून ठेवलीय!' डॉक्टर म्हणाले, 'काका, विकणारा आधीच तापवून ठेवतो ना, तेव्हा ती थंड असताना चालू होत नसते.' आणि गेले. जुनी गाडी घेणारा मुद्दाम थंड इंजिन चालू करून बघतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बॉयलरवाल्यांना नसतं.

दुसरं गिऱ्हाईक पोस्टातून निवृत्त झालेलं जोडपं. या खेपेला इंजिन थंड हवं हे यजमानांना पटलं होतं, पण सकाळचं तापवणं चुकवणंही जिवावर आलं. ('एक दिवस खाडा झाला की तिला तीच सवय लागेल.') मग त्यांनी आधी तापवलं आणि नंतर थंड करायला घेतलं. चार बादल्या पाणी, दोन ओल्या चादरी, आणि माझा टेबलफॅन खिडकीतून वायर काढून बॉनेटसमोर. जोडपं आलं तेव्हा गाडी कपाळावर घडी घेतलेल्या आजाऱ्यासारखी दिसत होती. बाई नवऱ्याला म्हणाल्या, 'अहो, हिला ताप आहे वाटतं.' नवरा म्हणाला, 'चल, आपल्याला लागण नको.' फाटकापर्यंत दोघं हसत गेली. यजमान मला म्हणाले, 'हलकी माणसं.'

तिसरं गिऱ्हाईक नळदुरुस्तीचं काम करणारी बाई, सामान ठेवायला आणि कामाच्या गावी झोपायला गाडी हवी होती. सरळ, मोजकं बोलणारी. तुम्ही यजमानांना ताकीदच दिली होती की किल्लीला हात लावायचा नाही, आणि त्यांनी लावला नाही असं ते म्हणतात. बाई आठला आल्या, बॉनेटला हात लावला, तो गरम. त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो. पोकळ वजन हाती लागलं की मी दुकानदाराकडे तसंच बघायचो. यजमान हवालदिल झाले. 'आईशप्पत मी नाही हो! हिच्या दोन्ही गुडघ्यांची शपथ!' बाईंना कुठले गुडघे ते कळलं नाही आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर तुम्ही फोनवर यजमानांना जे बोललात ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. इतकं बोलायला हवंच होतं असं नाही.

असा हा प्रकार आहे. यजमानांना आवरावं, निदान पिवळा दिवा विझेपर्यंत तरी, एवढं कळवून थांबतो. उजव्या गुडघ्याला शेक द्या.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. तिसऱ्या वेळी इंजिन तापवलं ते मी. पहाटे पाचला उठून, दिवा विझू देऊन, रेसचा आवाज न करता, यजमान यायच्या जरा आधीपर्यंत चालू ठेवून. यजमान खरं बोलत होते. त्यांची माफी मी मागितली आहे, तुमची या पत्राने मागतो. ती बाई गाडी घेणार हे मला आदल्या दिवशी फोनवरच्या तिच्या आवाजावरूनच कळलं होतं.

ता. क. दुसरा. सही करू नका. गाडी मला हवी आहे. हे वाक्य फोनवर तीनदा म्हणायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा जेवण झालं एवढंच सांगितलं. चार महिने सगळे मला बसा, बसा म्हणतात. परवाना माझ्याकडे आहे. तिनेच काढायला लावला होता, वापरू दिला नाही ही गोष्ट वेगळी.

ता. क. शेवटचा. पाकीट यजमानांच्याच हाती देतो आहे. आज त्यांना घरी यायला उशीर झाला, बाजारात गर्दी होती असं ते सांगतील. ते बाजारात गेले नव्हते. ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून नदीच्या पुलापलीकडे आले होते आणि पुलापर्यंत 'अहो थांबा, तापली नाही, अजून तापली नाही' म्हणून ओरडत होते. मग काटा मध्यावर आला. आम्ही दोघांनीही पाहिला. त्यानंतर घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. अशी त्यांची सवय नाही, तेव्हा आधी चहा द्या, आणि काय झालं ते लगेच विचारू नका.