मंडईला माझं पान कुठे?

गोंदिया,
रविवार, २६ ऑक्टोबर

चि. हिमांशू,

काल, शनिवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी तुझा मेसेज आला: ‘आत्या, या मंडईला तुझं येणं टेंटेटिव्ह ठेवू.’ आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण ते खुलासा मिळाल्यावर पोचते होतील.

अरे, दिवाळीनंतर आपल्या कामठ्यात मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक होतं, आणि लेकीबाळी न बोलावता माहेरी येतात. चाळीस वर्षं मी येते. पाहुण्याचं येणं टेंटेटिव्ह असतं. माझं कधीपासून झालं?

शब्दाचं मला कुतूहल वाटलं म्हणून डिक्शनरी काढली: चाचपडत केलेलं, अजून पक्कं नसलेलं. कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना हा शब्द डोळे मिटून, पायाने जमीन चाचपत चालून दाखवायच्या. म्हणजे पाऊल पुढेच पडायचं, फक्त जपून. आपल्या लोकांत मात्र भलतंच दिसलं. दातांच्या डॉक्टरची वेळ टेंटेटिव्ह, म्हणजे डॉक्टर नागपुरात. शेजारच्या रीताच्या मुलाचा साखरपुडा टेंटेटिव्ह, म्हणजे मोडलाय. आपल्याकडे गोष्ट ठरलेली असते, सांगायची हिंमत तेवढी ठरायची असते.

तुमचं काय ठरलंय?

भाऊबीजेला तुझा बाप आला होता. ओवाळून घेतलं, दोनदा चहा मागितला आणि छताच्या पंख्याकडे पाहत बसला. मी म्हटलं, “गोवर्धन, पंखा नवा नाही.” तरी बोलला नाही.

आज सकाळी तुमच्या गावचा शालीकराम दूध घालायला आला, तो बोलला. “बाई, तुमाले माहीत नाही का जी? दिवाळीत दोघा भावांच्या चुली येगळ्या झाल्या. आता तुमचं पान कोणाकडं वाढाचं, याच्यावरूनच भांडून राहिले दोघं.”

म्हणजे तू आणि स्वप्निल. तुम्ही दोघं मला आपापल्याकडे ओढताय की एकमेकांकडे ढकलताय, हे मी त्याला विचारलं नाही. दूध उतू जात होतं.

मी तुझ्याकडे जेवले तर स्वप्निलची बायको तोंड फिरवणार, त्याच्याकडे जेवले तर तुझी. आणि तुझा बाप कोणाकडे जेवतो रे? ते शालीकरामलाही सांगता आलं नाही.

तर ऐक. बुधवार, २९ तारखेच्या संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. मोबाइलवर नाही, कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी, शालीकरामच्या हाती. उत्तर येवो न येवो, शुक्रवारी मंडईला पहिल्या बसने मी येतेच आहे. तांदूळ आणि पातेलं माझं. अंगणात तीन विटा मांडीन, गोवर्धनला पहिलं वाढीन. तुम्ही दोघं पंगतीला बसणार की आपापल्या दारातून पाहणार, एवढंच लिहा. म्हणजे भात किती टाकायचा ते कळेल.

तुझी आणि स्वप्निलची, दोघांचीही पक्की,
वच्छलाआत्या