वरच्या दोन वाट्या

बाबा, मायक्रोवेव्हमध्ये पुटिंग होतं. तुमचा विश्वास बसायचा नाही, पण होतं. आपलं तेच, अंडी-दूध-साखरेचं, खाली जळक्या साखरेचा तपकिरी पाक असलेलं, ज्याला आता सगळे कस्टर्ड म्हणतात. ही विजेची पेटी तुम्ही असताना आपल्याकडे नव्हती. आत जाळ नाही, निखारा नाही, नुसती काचेची ताटली गरागरा फिरते आणि पदार्थ शिजतो. दोन दिवाळ्यांपूर्वी ती घरात आली आणि पोळ्या गरम करण्यापलीकडे मी तिला काही काम दिलं नव्हतं. या रविवारी दिलं. पहिला घाणा वाया गेला. घाईनं पूर्ण ताकदीवर चार मिनिटं लावलं, तर कडेला रबर, मध्ये पाणी आणि सगळीकडे भोकं. तुम्ही असता तर वाटी नाकाजवळ नेऊन म्हणाला असता, "हे पुटिंग नाही, हे दुधातलं ऑमलेट हाये." मग मलाही चेव आला. दूध कोमट केलं, अंडी फेस न आणता मोडली, मिश्रण गाळून घेतलं. वाट्या काचेच्या घेतल्या, कारण तुमच्या स्टीलच्या वाट्या या पेटीला चालत नाहीत, ठिणग्या उडतात. पाण्याच्या ताटलीत त्या ठेवून, ताकद अगदी कमी करून, अर्धा-अर्धा मिनिट लावत समोर उभी राहिले. मधला भाग थरथरत होता तेव्हाच बाहेर काढल्या आणि झाकून ठेवल्या. जमलं.

अंडी फेस न आणता मोडायची हे तुम्ही मला शिकवलं. म्हणजे शिकवलं कुठे, ओरडलात. "कायले मारून राह्यली त्याले? अंडं हाये ते, दुश्मन नाही." पांढरकवड्याच्या रेस्ट हाऊसच्या त्या काळ्या स्वयंपाकघरात तुम्ही खानसामा होता आणि मी, तोंडानं तिखट आणि हातानं आळशी पोरगी, मोठा जथा आला की भांडी घासायला यायची. घरी तुम्ही कधी चहासुद्धा ठेवला नाही, आई त्यावरून तुम्हाला जन्मभर टोमणे मारत राहिली. पण तिथे तुम्ही वेगळेच असायचा. पातेल्याच्या तळाशी फडक्याची घडी, त्यावर वाट्या, अर्ध्यापर्यंत पाणी, वर झाकण आणि झाकणावर चार निखारे. पाणी उकळता कामा नये. तुम्ही झाकणाला कान लावून ऐकायचा. आवाज चढला की खालचं एक लाकूड ओढायचं. कान भाजेल म्हणून मी हसायची आणि तुम्ही माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

आणि एक रिवाज होता. जितकी ताटं तितक्या वाट्या, आणि वर दोन. ऐनवेळी कोणी साहेबासोबत आलाच तर हाताशी असाव्यात म्हणून. कोणी आलं नाही तर एक माझी आणि एक आईसाठी घरी. जाळीखाली खिडकीच्या कट्ट्यावर त्या दोन ठेवलेल्या दिसल्या की मी भांडी जरा भराभर घासायची.

या दोन वाट्यांवरून मी तुम्हाला एक शब्द बोलले होते. तो मला परत घ्यायचा आहे, त्यासाठी हे लिहितेय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. दवाखान्यात होता ते तीन आठवडे मी रोज डबा घेऊन यायची, आपण सलाइनवर बोललो, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या घोरण्यावर बोललो, तेवढं एक सोडून सगळ्यावर बोललो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मी बारावीत होते. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि आपल्या भागात दर आठवड्याला कुठल्या तरी गावातून माणूस गेल्याची बातमी. आमच्या रेस्ट हाऊसला मात्र कधी नव्हती एवढी वर्दळ. पाहणी करायला पथकं यायची, समित्या यायच्या, वर्तमानपत्रवाले यायचे. तुम्ही दिवसाला तीन वेळा स्वयंपाक करत होता आणि रात्री घरी येऊन ताटावर नुसते बसून राहत होता. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या वडिलांनी जीव दिला. बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी. दोन आठवडे ती शाळेत आली नाही आणि मीही तिच्या घरी गेले नाही. काय बोलायचं ते कळत नव्हतं, हे खरं. पण नुसतं जाऊन बसता आलं असतं.

मग ते पथक आलं आणि त्यांनी तिला आणि तिच्या आईला जबाबासाठी रेस्ट हाऊसवर बोलावलं. दहाची वेळ दिली होती. साहेब लोक शेतं पाहून दीड वाजता परतले आणि आधी जेवायला बसले. त्या दोघी व्हरांड्यातल्या बाकावर. मैत्रिणीच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून फोटोच्या चौकटीचा कोपरा दिसत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि त्यानंतर प्रत्येक वेळी मागच्या दारानं गेले-आले. तुम्ही आत वाढायला गेलात. कट्ट्यावर जाळीखाली नेहमीच्या दोन वाट्या होत्या. मी एक उचलली आणि खाल्ली. माझाच वाटा होता, रिवाजाप्रमाणे. पण मी ती भिंतीकडे तोंड करून, चमच्याचा आवाज नको म्हणून बोटानं खाल्ली, म्हणजे मला काहीतरी कळत होतं. वाटी धुऊन इतर भांड्यांत टाकली.

तुम्ही आलात, जाळी उचलली.

"एक वाटी कुठं गेली वं?"

"मले काय माहीत? मांजर आलती."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं की नाही, ते मी पाहिलं नाही. मी कढई घासत होते. उरलेली वाटी आणि दोन चमचे घेऊन तुम्ही बाहेर गेलात. कुणा साहेबाच्या ड्रायव्हरला नेत असाल असं मी धरून चालले. दोन चमचे कशाला, हे मनात आलं नाही. मन तेव्हा स्वतःला वाचवण्यात गुंतलं होतं.

आणि संध्याकाळी घरी, आईच्या देखत, मी तुमच्यावर तुटून पडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. "बाहेर माय-लेकी उपाशी बसल्या होत्या अन् तुम्ही आत साहेबायले गोड चारत होते. लाज नाही वाटत तुम्हाले?" आई हातातलं उलथनं तसंच धरून उभी राहिली. तिला वाटलं आता तुम्ही मारता. तुम्ही हात धुतले, टॉवेल दांडीवर नीट पसरवला आणि म्हणालात, "जेवून घे." बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही मला कधी भांडी घासायला बोलावलं नाही आणि मीही गेले नाही.

आता रविवारचं. माझी ती मैत्रीण घाटंजीला असते. आमचं येणं-जाणं पुढे सुरू झालं, टिकलंही, पण त्या दिवसाबद्दल आम्ही एक अक्षर कधी काढलं नाही. यवतमाळला दाढ काढायला आली आणि माझ्याकडे राहिली. गाल टम्म सुजलेला, चावता काही येत नाही. मी विचारलं, खिचडी करू का पातळ? तर म्हणाली, "तुह्या बाबानं दिलं होतं ते कर ना. पुटिंग."

मला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. कधी दिलं होतं, म्हणून विचारलं.

"कधी म्हंजे? त्या दिवशी, व्हरांड्यात. एक वाटी, दोन चमचे. खाली बसले आमच्यासमोर, फरशीवर. म्हणे, तुमच्या दोघीसाठी दोन ठेवल्या होत्या, एक मांजरीनं खाल्ली. आईच्या पोटात तवा चार दिवसांपासून चहाशिवाय काही नव्हतं. तुह्या बाबानं चमचा हातात देल्ला तिच्या. तिनं अर्धी खाल्ली, मंग अर्धी मी."

मी तिच्यासमोरून उठून मायक्रोवेव्हपाशी गेले. पहिला घाणा का बिघडला ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दुसरा घाणा झाकून ठेवला, ओटा पुसला, पुन्हा पुसला, आणि तिच्याकडे पाठ करूनच सांगून टाकलं. "मांजर-बिंजर कोनी नव्हतं वं. ती वाटी मी खाल्ली."

वळून पाहिलं तर ही सुजलेला गाल दाबून धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. "माय वं, हसवू नको, टाके तुटतीन! आई अजून त्या मांजरीले शिव्या देते." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "पण तुह्या बाबाले माहीत होतं काय? आई म्हणाली होती, केवढी वाईट मांजर, गरिबाच्या तोंडचा घास खाल्ला. तं ते म्हणे, जाऊ द्या बाई, तिलेबी भूक लागली असन."

बाबा, मी ओट्याला धरून रडले. चाळिशीतली बाई, दाराशी नवरा गोंधळून उभा, आणि दाढ माझी नव्हे तिची काढलेली. तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही माझं सगळं बोलणं ऐकून घेतलंत, आईसमोर, आणि मला जेवायला बसवलंत. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. मी तुमच्या जागी असते तर केलं असतं, आणि वर चार दिवस ऐकवलंही असतं. लाज मलाच वाटायला हवी होती. ती मी तुमच्या गळ्यात घातली आणि तुम्ही ती मरेपर्यंत वागवलीत. तो शब्द परत घेते. कोणाकडून घेते, हे विचारू नका.

मैत्रिणीनं पुटिंग संपवलं. म्हणाली, "बरं झालं, पण तुह्या बाबासारखं नाही." मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. मंगळवारी मी तिला घाटंजीच्या गाडीत बसवून दिलं. हे कागद घडी करून ठेवतेय, पोस्टाच्या पेटीत टाकण्यासारखा पत्ता तुमच्याजवळ नाही आणि मोठ्यानं वाचून दाखवावं असा तुमचा फोटोही आपल्याकडे धड नाही, सगळ्यांत तुम्ही मागे, हातात ट्रे घेऊन.

एक राहिलं. येणारे-जाणारे सगळे साहेब तुमच्या पुटिंगची तारीफ करायचे. मी इतक्या वर्षांत एकदाही केली नाही. मागितलेली माफी खरी आहे बाबा, पण खोटं कशाला बोलू, ती वाटी फार चांगली झाली होती.