समोरच्यांचा आकडा

३ सप्टेंबर १९९६
समोरच्या कंपनीने १०१ महामार्गावर नवा फलक लावलाय. गोगलगाय, आणि तिच्या पाठीवर आमचं बोधचिन्ह! डेटाबेसच्या बाजारात त्यांचा वाटा एकतीस टक्के, आमचा एकोणतीस. ग्लेन गाडी चालवत होता. नवरा त्यांच्या कंपनीत, मी इकडे – घरात ऑफिस आणायचं नाही, हे लग्नातच ठरलंय. तरी मिशीत हसत होता. मेला!

५ सप्टेंबर
विमान कंपनीचं तिकीट-आरक्षण कोणाच्या डेटाबेसवर चालणार, ते वेगाच्या चाचणीवर ठरणार. दोघांनी आपापल्याकडे चाचणी घ्यायची, सोमवारी आकडा पाठवायचा. जिंकेल तो यंदा बाजारात पहिला. हरलो तर आमचा चाचणी विभाग बंद. विल्माने, आमच्या साहेबीणबाईंनी, आडपडदा न ठेवता सांगितलं. बारा माणसं आहोत.

६ सप्टेंबर
आकडा फार छान आला. इतका, की मलाच खरा वाटेना! तपासलं. लॉग बंद. प्रत्येक तिकीट आधी डिस्कवर लिहून ठेवायचं, तेच कोणीतरी टाळलेलं. वेग येणारच – पण वीज गेली की विकलेली तिकिटं गायब. नियमात स्पष्ट आहे, लॉग चालू हवा.

विल्माला सांगितलं. "नोरीन, चाचणीत वीज जात नसते गं." मग म्हणाली, "आणि समोरचे काय धुतल्या तांदळासारखे आहेत?"

९ सप्टेंबर
लॉग चालू करून पुन्हा चाचणी घेतली. वेग एक तृतीयांशाने घसरला. तोच आकडा पाठवला. खाली सही माझी असते, दुसऱ्या कोणाची नाही. विल्मा बोलत नाही.

१७ सप्टेंबर
हरलो.

२० सप्टेंबर
सगळ्यांनी खोकी भरली. विल्माने तिचा निवडुंग मला दिला. "तुझं चुकलं नाही. पण आज मला तुझा राग येतोय, येऊ दे." गाडीत बसून रडले. बाकीच्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

समोर काचेआड शॅम्पेन चालली होती. ग्लेनला बढती! अभिनंदन केलं. मनापासून नव्हतं. त्याने जेवण अर्धं टाकलं, लवकर झोपला.

२३ सप्टेंबर
ग्लेनने पॅनकेक उलटता उलटता सांगितलं – "आमचा लॉग बंद होता. मीच केला होता." तव्यावरचा पॅनकेक करपला. "विमान कंपनीला तूच फोन कर, नोरीन. माझी छाती होत नाही."

केला.