डेकवरची तिसरी पाळी

२६ डिसेंबर १९९६, सकाळी १०
कोचीनहून जहाज सुटलं. पाच दिवस लक्षद्वीप. तिकिटं लेकीने, विनीताने काढली. बंगलोरच्या फॉरेन कंपनीत तिला पगार फार, वेळ नाही. आपली मिल बंद होऊन तीन महिने झाले, तरी मी रिकामा असा नाहीच. एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. बायकोची, कमलची, एकच इच्छा: एक संध्याकाळ डेकवर तिच्याशेजारी बसून सूर्य बुडताना बघायचा, घड्याळाकडे न बघता. इतनी सी बात. आजच उरकून टाकू.

संध्याकाळी ७
जमलं नाही. दोष माझा नाही. सोबत महूहून आलेल्या लोकांची पार्टी आहे, त्यांची अकरा पोरं. आईबाप खाली रमी कुटतायत आणि पोरं जहाजावर मोकाट. माझ्या चहात बॉल पडला. आईबापांना शोधायला खाली गेलो, तोवर सूर्य गेला. कमल म्हणाली, छान दिसला. एकटीला कसला छान दिसणार?

२७ डिसेंबर, सकाळी ८
डोकं तापलंय. पहाटेपासून कॉरिडॉरमध्ये पकडापकडी. पोह्यांवर शेव नाही ते वेगळंच. एका रमीवाल्या बापाला झापलं. तो म्हणतो, काकाजी, बच्चे हैं, आप भी एन्जॉय करो. काही लाज? बाराशे माणसं मी गेटवर सरळ केलीत. संपातसुद्धा लोक माझ्यासमोर रांगेत उभे राहायचे. कमल म्हणते, संपात रांग कशाला असेल. तिला मिलमधलं कळत नाही.

दुपारी २
स्कीम तयार. पोरांच्या तीन पाळ्या. एक खेळेल, बाकीच्या गप्प. बिस्किटाच्या खोक्याचे नंबरवाले बिल्ले कापले. डेकचं दार म्हणजे गेट. पंधरा मिनिटं लेट झालात की गेट बंद, हाफ डे. साहेबालाही सूट नाही. सगळ्यात वांड पोरगी दीक्षा, नऊ वर्षांची. तिलाच टाइमकीपर केलं, माझं घड्याळ दिलं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या की चोरी थांबते.

२८ डिसेंबर, सकाळी ६
पाच वाजता भोंगा. अकरा पोरं तोंडाने भोंगा वाजवत एकेका केबिनसमोरून गेली. मिलचा भोंगा कसा असतो ते मी फक्त एकदाच काढून दाखवलं होतं. लोक लुंगी सावरत बाहेर. दंगा आता दिवसभर आहे, पण वेळेवर आहे.

संध्याकाळी ७
बिल्ले तपासत होतो. सूर्य राहिला.

२९ डिसेंबर, दुपारी १
पर्सरने, म्हणजे प्रवाशांचं बघणाऱ्या जहाजाच्या साहेबाने, बोलावलं. मला नाही, कमलला. लेखी तक्रार आलीय, पोरांची नाही, माझी. मिस्टरांना एकटं सोडू नका म्हणाला. त्या कागदावर रमीवाल्यांच्याही सह्या. संताप संताप झाला.

कमल ओरडली असती तर बरं. ती हळू बोलली. म्हणाली, परदेशीपुऱ्यातल्या घरी त्या भोंग्याने मला एकतीस वर्षं उठवलं. तो बंद पडला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आणि तुम्ही तो समुद्रात घेऊन आलात.

मिल बंद झाली त्या दिवशी तिचे डोळे ओले होते. मला वाटलं होतं, वाईट वाटलं म्हणून.

भोंगा बंद. संध्याकाळची तिसरी पाळी कमलने मागून घेतली. मलाही तेरा नंबरचा बिल्ला दिला. उद्या शेवटची संध्याकाळ. पावणेसहाला तिच्या शेजारी. पक्कं.

३० डिसेंबर, संध्याकाळी ७
दाढी केली, इस्त्रीचा बुशशर्ट घातला. जाता जाता रमीवाल्यांना दोन शब्द सुनवावेत म्हटलं. दोनच मिनिटं. मनगटाकडे बघितलं, घड्याळ दीक्षाकडे.

गेटवर दीक्षा उभी. म्हणाली, आजोबा, सहा वाजून पाच झाले, गेट बंद. मी म्हटलं, अगं, हा नियम माझाच आहे. ती म्हणाली, मालूम है, म्हणूनच.

काचेतून दिसलं. दहा पोरं चिडीचूप, मध्ये कमल. माझ्या खुर्चीवर दीक्षाचा धाकटा भाऊ अंकुर. सूर्य अर्धा बुडालेला. कमलने वळून बघितलं. मला वाटलं, उघड म्हणेल. तिने दीक्षाकडे बघून मान हलवली आणि परत समुद्राकडे तोंड केलं.

दीक्षाने हजेरीच्या वहीत लिहिलं: नंबर तेरा, लेट, हाफ डे.

नंतर वही मागून घेतली, तपासली. नोंद बरोबर आहे.