उरलेला तांब्या

१० मार्च २०१६
पोचलो बुवा. बीडातून एसटी, पुढं टँकरच्या केबिनमधी बसून थेट दरीत. दुष्काळात टँकरवाल्याशी दोस्ती म्हणजे आमदाराशी सोयरीक. गाव हिंगणखोरी. इथल्या वृक्ष सहकारी संस्थेला कामाला बाहेरचाच माणूस पायजे होता. नांदूरघाटात मास्तरच्या सायकलीला मी बकरी बांधली तवापासून घरचे मला कुठंतरी धाडायच्या तयारीतच होते. पुढच्या महिन्यात ताईचं लगीन हाय, हळदीला हजर राहायचं, असं आईनं बजावलंय.

महादेवी मॅडम झाडांचा अभ्यास करत्यात. ही वही त्यांनीच दिली, रोजचं लिव म्हणल्या. काम सोपं. दरीतल्या झाडांची पानं तोडायची, झाडागणिक पुडी बांधायची, नंबर टाकून लॅबला धाडायची. असली झाडं दुसरीकडं कुठं उरली न्हाईत म्हणे. गावात त्याला नुसतं ‘जुनं’ म्हणत्यात. भावाभावात बी फरक असतो, तसा झाडात पायजे, मॅडमनी समजावलं. एकटं पडलेलं गोत आपसातच सोयरीक करत राहिलं की फरक संपतो, मग फळात बी धरत न्हाई.

१३ मार्च
इथं टँकर आला की आदी झाडाला पाणी, मग माणसाला. संस्थेचा नेमच हाय. ज्याचं झाड त्यानं अर्धा तांब्या बुडाशी वतायचा, उरलेला तिथंच उभ्यानं प्यायचा. पाणी वाटती केशरबाई. मला बी एक झाड दिलं. पाणी तुरट. ह्यात काय कालवलंस मावशे, म्हणून इचारलं, तर म्हणली, पी बाबा, सवय होती.

गावात समद्यांची तोंडं सारखी. चेअरमन सुंदरराव समजून मी न्हाव्याला रामराम घातला. दोघं बी हसले. एकसारखंच.

१९ मार्च
उन्हात कोण फिरतंय बे. संस्थेच्या हापिसामागचा शेवगा ओरबाडला अन एका पुडीत भरला. बगू लॅबवाले किती हुशार.

२८ मार्च
मॅडमचा फोन. समद्या पुड्या एकच निघाल्या. शेवगा बी. लबाडा, एकाच झाडाची पानं धाडलीस का, असं मलाच इचारलं. मी आईची आण घेतली.
दुपारी शेवग्याखाली गेलतो. बुडाशी वल होती. त्याला बी कुणीतरी तांब्या वततंय.

३० मार्च
बाभळीचा काटा तळपायात घुसला. रगात न्हाई. दुखलं बी न्हाई. केशरबाईला दावलं, तर तिनं स्वतःचा पाय दावला. त्यात काटेच काटे. काढले न्हाईत का, इचारलं. कशापायी काढायचे, म्हणली.

२ एप्रिल
नख कापलं. कुटलं, पानात मिसळलं, पुडीत घातलं. ह्या बारीला गंमत म्हणून न्हाई.

११ एप्रिल
मॅडम फोनवर लई खूश. बाकी समदं एकच, पण एका पुडीत जरा वेगळं हाय. बाहेरचं. थोडंच उरलंय, पण हाय. त्याच्यावर गोत वाचंल म्हणल्या. नखाच्या पुडीचा नंबर सांगून, कुठलं झाड ते, इचारलं. माझी जीभ उचलंना. सुंदररावांनी फोन घेतला. ते झाड हलू देऊ नका, पाणी घाला, असं मॅडम सांगत होत्या. ते हो हो म्हणत होते, माझ्याकडं बगत.

१५ एप्रिल
आज ताईची हळद. निघालो. टँकरवाला म्हणला, जागा न्हाई. केबिन रिकामी होती. सुंदररावांनी दंडावर हात फिरवला. कुठं जातो लेका, म्हणले, तुझ्यावाचून फळात बी धरायचं न्हाई.
हात फिरला ते बगून कळलं. अंगाला जाणवलं न्हाई.
रडू यायला पायजे होतं —

१७ एप्रिल
माझ्या झाडापशीच उभा केलाय. केशरबाई अर्धा तांब्या माझ्या पायावर वतती. उरलेला आता ती पिती —
ताईचं नाव — दोन अक्षरांचं हाय —

२० एप्रिल
जीप आली. मॅडम. मी हाका मारल्या — मारल्या वाटतं —
समोर आल्या. हेच का ते, सुंदररावांना इचारलं. पान तोडलं. दुखलं न्हाई.
एक बोट कमी —
दुसरं तोडत्यात. आता पेन धराय —