उंबऱ्यात आडवी चांगुणा

प्रिय चांगुणा,

काल तू तुझं बोलून घेतलंस आणि फोन ठेवून दिलास, म्हणून कागद घेऊन बसले आहे. माझ्या आत्मचरित्रातलं आबांचं प्रकरण काढायचं, नाहीतर निकिताच्या लग्नाला शेवगावला यायचं नाही, हे तुझं म्हणणं नीट कळलं. नातीच्या सासरचे ते वाचून काय म्हणतील, ही तुझी धास्तीही कळते. पुण्याहून छपाईआधीचे कागद तपासायला आले आहेत, समोर टेबलावरच आहेत. त्यातली एक ओळही मी काढणार नाही.

इतकी वर्षं कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा तू गल्लीत पेढे वाटलेस. त्यातल्या बायकांच्या पाठीवरचे वळ माझेच होते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? केडगावला शाळा सुटली की घरी येऊन मी त्या मार खाणाऱ्या बायांना कागदावर उतरवायचे, आणि कुणी विचारलंच तर सगळं काल्पनिक आहे म्हणून हसायचे. आता सत्तरी आली. त्यांच्या आड बसायचा मला कंटाळा आला आहे गं.

आबा वाईट नव्हते, हेही लिहिलं आहे. जत्रेतून माझ्यासाठी आठवणीनं बांगड्या आणणारे आबाच मला दर वेळी सासरी परत नेऊन घालायचे, चार लोकांत मान खाली जाईल म्हणून. शेवटच्या खेपेला गाडी जुंपून दारात उभी होती. तू तेव्हा परकरी पोर. भाकरीचं पीठ हाताला तसंच, धावत आलीस आणि उंबऱ्यात आडवी झालीस. "आक्काला न्यायचं आसंल तर मला वलांडून न्या." पोराला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, हा आबांचा पक्का समज. एका लेकीला मारकुट्याकडे धाडायला निघालेला बाप दुसरीची वाढ खुंटेल म्हणून थबकला. शेवटी त्यांनी बैल सोडले. मी शिकले, मास्तरीण झाले, लिहायला लागले, ते सगळं त्यानंतरचं.

तू ते प्रकरण वाचलंच नाहीस. निकितानं मात्र माझ्याकडून मागून घेतलं, आणि आमची आजी एवढी खमकी होती का, म्हणून विचारत राहिली. नवऱ्यामुलालाही तिनं वाचायला दिलं आहे. आता पुस्तक छापून आलं की रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी मांडायचं म्हणते, आणि मी हो म्हटलं आहे. हे तुला परक्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. मी लग्नाला येणार, पुस्तक घेऊनच येणार. वाटल्यास पुन्हा उंबऱ्यात आडवी हो. मी खुशाल ओलांडून आत येईन. आता काही तुझी उंची खुंटायची राहिलेली नाही.

तू अडवून ठेवलेली, तुझीच
आक्का